दोन दाण्यांची होडी

कसबा पेठ, १२ जानेवारी २०२५

दत्तू,

खुशाली विचारत नाही. बरा असशील तर आहेसच, नसशील तर माझ्या विचारण्यानं बरा होणार नाहीस.

राकेशचा निरोप आला, 'बाबांना फोन करा'. तुझ्या लेकाला सांग, फोन करून काय करू? पन्नास वर्षं तांबं बडवून तुझेही कान गेले, माझेही. तू कात्रजहून ओरडणार, मी कसब्यातून, आणि मजा आजूबाजूचे बघणार. मोबाइलवर लिहायला जावं तर माझं बोट जाड, एक अक्षर दाबलं की तीन उमटतात. म्हणून हे पत्र. दहा किलोमीटरला चार दिवस लागतात. लागू देत. तू गेलास त्याला चौदा महिने झाले, त्यात आणखी चार दिवस.

मुद्द्याचं सांगतो. मी होडी शिकतोय. हसून घे आधी.

गेल्या रविवारी अपूर्वाच्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं ऐनवेळी टांग दिली. जागा वाया जाणार म्हणून लेक मलाच घेऊन गेली, पानशेत रस्त्याला, धरणाच्या पाण्यावर. कयाक म्हणतात त्या होडीला. भुईमुगाची शेंग बघ, तशीच, वर उघडी. एका दाण्याची असते, दोन दाण्यांची असते. दाणा म्हणजे आपण. हातात एकच वल्हं, त्याला दोन्ही टोकांना पाती. डावीकडे ओढ, उजवीकडे ओढ. झालं. एवढ्यासाठी ते लोक अर्धा तास भाषण देतात.

मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे. तू नदीत मुटके मारायचास तेव्हा मला बापानं ठोक्याला बसवलं होतं. शिकवणारी शेफाली म्हणून एक पोरगी आहे, तिला आधीच सांगून टाकलं. तिनं अंगात फुगीर जाकीट चढवलं, पट्टे असे आवळले की श्वास कोंडला, आणि कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम होडीतून पाडलं. पडायचं कसं ते पहिलं शिकवतात. नाकातोंडात पाणी गेलं. पण दत्तू, वर आलो. आपोआप आलो. जाकीट बुडूच देत नाही. सदुसष्टाव्या वर्षी कळलं की पाणी माणसाला धरतंसुद्धा.

तू ये एकदा.

रामदास

---

कात्रज, २१ जानेवारी

रामा,

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. नम्रताला पण वाचून दाखवलं, सूनबाई खूप हसली.

जपून कर. इथे बरं आहे. सातवा मजला. लिफ्ट आहे. थंडी फार.

दत्ता

---

कसबा पेठ, २ फेब्रुवारी

दत्तू,

हे काय अक्षर? कोंबडी शाईत पाय बुडवून फिरली का कागदावरनं? आणि सहा ओळी? मी सातवी नापास, तू मॅट्रिक. दुकानावरच्या पाट्या तू रंगवायचास, लोक थांबून बघायचे. सातव्या मजल्यावर बसून आळशी झालास.

इकडे घोळ झालाय. सांगतो.

पहिल्या दिवशी त्यांनी एक फॉर्म भरून घेतला होता. 'काही आजार, काही अपंगत्व?' मी 'नाही' लिहिलं. खोटं काय लिहिलं? आपल्या आळीत कान गेलेला माणूस अपंग असतो का? उलट साठीला धड ऐकू येणारा तांबट म्हणजे जन्मभर कामचुकार. पोरीचं बोलणं मी ओठ बघून समजून घ्यायचो, मान हलवायचो. तीन रविवार निभलं.

गेल्या रविवारी एका दाण्याच्या होडीत एकटा होतो. हात छान लागला होता. डावा, उजवा, डावा, उजवा. बंब मठारताना लागतो ना तसा, की मग आपण ठोका मारत नाही, ठोकाच आपल्याला चालवतो. किती वेळ गेला कळलं नाही. मागे वळून बघतो तर काठावर माणसं काडेपेटीतल्या काड्यांएवढी. वारा सुटलेला, पाणी उकळल्यासारखं. आणि शेफाली आपल्या होडीतून फाडफाड येतेय, तोंडात शिट्टी, गाल हे एवढे फुगलेले. दहा मिनिटं शिट्ट्या मारत होती म्हणे. बाकीची सगळी कधीच काठाला लागली होती.

ओढत आणलं मला. काठावर आल्यावर हात नाचवून काय काय बोलली. मी म्हटलं, बाई, ओरडू नकोस, मला तसंही ऐकू येत नाही. ती मटकन खालीच बसली. मग मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, 'काका, तुम्ही मला जेलमध्ये पाठवाल.'

आता एकट्यानं होडी बंद. दोन दाण्यांच्या होडीत, जोडीदार असेल तरच. आणि काठावर ती बांबूला लाल फडकं लावणार, ते वर दिसलं की परत फिरायचं. अपूर्वाला बसवून बघितलं. ती पुढे बसून स्वतःचेच फोटो काढते.

आता नीट वाच. या होडीत पुढचा ठोका धरतो. मागचा त्याच्या खांद्याकडे बघून मारतो आणि दिशा सांभाळतो. ऐकायचं कुणीच नसतं. शेफालीनं हे वल्हं फिरवून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, अगं, हे तर मी आयुष्यभर केलंय. एका हंड्यावर दोघं समोरासमोर, पहिला ठोका दत्तूचा, त्याच्यावर माझा. विचारलं, बहिरा जोडीदार चालेल का? म्हणाली, एक कमी होता का. पण मग म्हणाली, आणा.

तर तू पुढे बसायचं. पोहणारा तू आहेस. कुठला रविवार ते कळव.

रामदास

---

कात्रज, १४ फेब्रुवारी

रामा,

सध्या नको. गुडघा. राकेशला सुट्टी नसते.

तू जा.

दत्ता

---

कसबा पेठ, १७ फेब्रुवारी

दत्तप्रसाद,

गुडघा होडीत लागत नाही. पाय पसरून बसतात.

सरळ बोलू. हंड्यावर तुझा घण सुटला आणि माझं बोट मोडलं. चार माणसांत मी म्हणालो, 'झोपलास काय रे'. म्हणालो. जोडीदार जोडीदाराला बोलतो. तू मला याच्याहून वाईट बोललायस, माझ्या सासऱ्यासमोर. त्यानंतर तू दोन दिवस दुकानात आला नाहीस आणि तिसऱ्या दिवशी राकेशचा टेम्पो दारात. भांडी चढली, गादी चढली, तू चढलास. आळीतल्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवलास, माझ्याकडे बघितलं नाहीस.

बोट माझं मोडलं आणि रुसून बसलास तू. लिफ्टवाल्या घराची हाव सुटली होती तर तसं सांगायचं. मी काय अडवणार होतो?

आता विचारणार नाही.

रामदास

---

कात्रज, गुढीपाडवा, ३० मार्च

रामदासकाका, नमस्कार.

मी नम्रता, राकेशची बायको. तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून बाबा रोज कागद घेऊन बसायचे आणि फाडायचे. आज सणाचं मीच म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते. ते सांगतायत, म्हणजे ओरडून सांगतायत, तुम्हाला माहीतच आहे. खालच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन उभ्या आहेत. सगळ्या सोसायटीला हे पत्र तुमच्या आधी कळणार. पुढचं बाबांचं, जसंच्या तसं.

"रामा, मी रुसलो नव्हतो. माझा हात गेला. उजवा. आधी चहा सांडायचा, मग घण हलायला लागला. तुला दिसू नये म्हणून मी डाव्या हातानं मनगट धरून मारायचो. त्या दिवशी धरायला अर्धा क्षण उशीर झाला आणि तुझं बोट गेलं. तू म्हणालास झोपलास काय. मी मनात म्हटलं, बरं झालं, याला असंच वाटू दे.

"आपल्या आळीची रीत तुला सांगायला नको. एकाचा हात गेला की तो आपण होऊन घण खाली ठेवतो, आणि दुसरा दुसऱ्या दिवशी नवा जोडीदार घेतो. कुणी विचारत नाही. पण मी तुला ओळखतो. हात गेला म्हणून सांगितलं असतं तर तू नवा घेतला नसतास, माझ्याशेजारी बसून राहिला असतास. रागावलास तर घेशील, असं वाटलं. म्हणून मी बघितलं नाही तुझ्याकडे."

काका, कंपवात म्हणतात याला. दीड वर्ष झालं गोळ्या चालू आहेत. अक्षर त्यामुळेच तसं. गुडघा ठणठणीत आहे त्यांचा.

आता विचारतायत, "त्याला विचार, जोडीदार कोण घेतलास?"

नम्रता

---

कसबा पेठ, ३ एप्रिल

दत्तू,

गाढव आहेस. मॅट्रिक गाढव.

जोडीदार कुणी घेतला नाही. तू गेलास त्या दिवसापासून भट्टी पेटलेली नाही. मला वाटलं, आज ना उद्या उतरेल राग, येईल. मी वाट बघत बसलो आणि तू मला काम मिळावं म्हणून लांब बसलास. वा. दोन म्हाताऱ्यांनी मिळून एक चालतं दुकान बंद केलं. आता ते सुरू होत नाही. माझाही खांदा उतरलाय.

अक्षराबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. बाकी घेत नाही.

कीव करायला मला वेळ नाही, तेव्हा ऐक. रविवारी, तेरा तारखेला, सकाळी आठला तुम्ही सगळे पाण्यावर या. शेफालीला हाताचं सगळं खरं सांगितलं, ह्या वेळी काही लपवलं नाही. ती म्हणाली, डॉक्टरांना विचारा, ते हो म्हणाले तर काठाकाठानं वीस मिनिटं, मी माझी होडी घेऊन बाजूला राहीन. वल्हं मी मारीन. तू नुसता पुढे बस. हात हलतो तर हलू दे, पाणीही हलतंच.

पुढे बसायला हात लागत नाही. माणूस लागतो.

रामदास

---

कात्रज, २४ एप्रिल

रामदासकाका,

हे पत्र राकेश लिहिणार होते. मी म्हटलं, मी लिहिते. त्यांनी लिहिलं असतं ते तुम्हाला वाचवलं नसतं.

बाबा काल घरी आले. आठ दिवस हॉस्पिटलमध्ये होते. छातीत पाणी आणि कफ. त्यांना नीट गिळता येत नाही, तुम्हाला कल्पना नसेल, पाणी चुकीच्या वाटेनं गेलं की या आजारात जिवावर बेततं.

मला फक्त एक समजून घ्यायचंय. सगळं छान चाललं होतं. बाबा पुढे बसले होते, मी काठावरून व्हिडिओ करत होते. इतकं खूश मी त्यांना दोन वर्षांत बघितलं नव्हतं. तुम्ही वळलात, परत निघालात, काठ पन्नास पावलांवर आला, आणि तुम्ही होडीत चक्क उभे राहिलात. उभे! शेफाली ओरडली. तुम्हाला ऐकू येत नाही, मान्य. पण होडीत उभं राहायचं नसतं हे तर पहिल्या दिवशी शिकवतात ना? होडी उलटली. तुम्हाला स्वतःला पोहता येत नाही. शेफालीनं तुम्हाला धरलं तोवर बाबा दोनदा पाण्याखाली जाऊन वर आले.

बरं, बाहेर काढल्यावर तरी? राकेश टॉवेल घेऊन धावले, तर तुम्ही बाबांना त्या कपडे बदलायच्या खोलीत नेऊन आतून कडी लावलीत. वीस मिनिटं. राकेश दार बडवत होते. ओल्या अंगानं वीस मिनिटं, काका! त्यातच छाती भरली.

राकेश म्हणतात, म्हाताऱ्याला व्हिडिओत हिरो व्हायचं होतं. मला तसं वाटत नाही. पण दुसरं काय वाटावं तेही कळत नाही. बाबांना विचारलं तर भिंतीकडे तोंड करून झोपतात.

यापुढे तुम्ही इथे येऊ नये असं राकेशनी ठरवलंय. बाबांनाही तिकडे पाठवणार नाही. मला वाईट वाटतंय, पण या वेळी मी त्यांना अडवलं नाही.

नम्रता

---

कसबा पेठ, २८ एप्रिल

चि. नम्रता,

पत्र मिळालं. उभा राहिलो. हौस आली. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. शेफालीला बोल लावू नका, तिनं तिचं काम चोख केलं.

राकेशचं बरोबर आहे. मी येणार नाही.

दत्तूला पातळ काही देऊ नका. घट्ट द्या, खिमट वगैरे. शेजारच्या डॉक्टरांना विचारून लिहितोय.

रामदास

---

कात्रज

रामा,

सोमवार. हे मी स्वतः लिहितोय. नम्रताला सांगून चालणार नाही. मी सांगायला लागलो की सगळी बिल्डिंग ऐकते.

मंगळवार. वळलो तेव्हा पोटात कळ आली. गोळ्यांनी होतं असं. आवरलं नाही. बसल्या जागी झालं.

बुधवार. काठावर राकेश, नम्रता, परकी दहा माणसं, मोबाइल धरून. शेजारच्या होडीत ती शिकवणारी पोरगी. मला वाटलं, इथेच बुडावं.

बुधवारीच. तू मागे होतास. तुला कळलं. तू वल्हं थांबवलंस. मी मान वळवली नाही, तरी मला दिसलं.

शुक्रवार. काल हात चालला नाही. तुला पोहता येत नाही रे. तू उभा राहिलास.

शनिवार. खोलीत धुतलंस, पुसलंस, तुझी पँट मला घातलीस, माझी पिशवीत कोंबलीस. माझ्याकडे बघितलं नाहीस.

सोमवार. राकेश तुला नको ते बोलतो. मला ऐकू येत नाही पण त्याचं तोंड दिसतं. मी त्याला सांगणार आहे. लिहून दाखवीन. मग तुला येता येईल.

मंगळवार. हे सुशीलाबाईंच्या हाती देतोय. आमच्या स्वयंपाकाच्या. त्यांची बहीण कसब्यात असते. वाचता येत नाही त्यांना.

दत्ता

---

कसबा पेठ, २० मे

दत्तू,

सांगायचं नाही. खबरदार.

सुशीलाबाई समोर बसल्यात, चहा पितायत, तेवढ्यात लिहितो. वाचलंस की हे फाड. फाडता आलं नाही तर तांब्यात बुडव आणि मोरीत ओत.

राकेशला कळलं तर काय होईल ते तुला कळत नाही का? तो वाईट पोरगा नाही. ऐकून रडेल. मग माझ्या पाया पडायला येईल. मग तुला दर तासाला विचारेल, बाबा जायचंय का. मग ते लहान पोरांना बांधतात तसलं काही आणेल आणि नम्रता रोज ते बदलेल. पुढे एक दिवस ते येणारच आहे, येईल तेव्हा येईल. माझ्यासाठी आज आणू नकोस. अजून तुझ्या घरात तू बाप आहेस. मला भेटायला येता यावं म्हणून ते सोडणार असशील तर मला तसली भेट नको.

तो आला होता इथे, पाच तारखेला. तुला सांगितलं नसेल. दारात उभा राहून बोलला. पुष्कळ बोलला. आळी गोळा झाली. मला अक्षर ऐकू आलं नाही, मी तोंड बघत होतो. रागावला की तो वरचा ओठ तुझ्यासारखा दाबतो. मी आपला 'हो, हो' म्हणत राहिलो. शेवटी थकला. पाणी दिलं तर प्यायला नाही. बापासाठी एवढा भांडणारा पोरगा कसब्यात मला दाखव दुसरा.

एक मात्र खरं सांगतो, तू मॅट्रिक आहेस म्हणून. उभा राहिलो तेव्हा तुझाच विचार केला, पण उलटल्यावर नाही केला. पाण्यात गेल्यावर मी फक्त स्वतःला धरलं. तू दोनदा खाली गेलास ते मला नम्रताच्या पत्रातून कळलं. जाकीट आहे, तू पोहणारा आहेस, एवढंच डोक्यात होतं. गिळता येत नाही हे मला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं. लाज झाकायला गेलो आणि तुला आठ दिवस नळ्या लावून ठेवल्या. तेव्हा राकेश जे म्हणतो त्यातलं निम्मं मला लागू आहेच. उरलेलं निम्मं मी वाहीन, जड नाही.

पाण्यावर जात नाही आता. शेफालीनं दोनदा निरोप पाठवला. जावंसं वाटत नाही.

येणार नाही मी. तूही येऊ नकोस. राकेश कामाला गेला की लिहीत जा, सुशीलाबाई मंगळवारी बहिणीकडे येतात म्हणाल्या. रोज एक ओळ झाली तरी चालेल. एक शब्द झाला तरी चालेल. चार दिवसांचं पत्र आठ दिवसांनी आलं तर येऊ दे.

मला कुठे जायचंय.

रामदास